एका कर्णफुलासाठी चिंचणी

भर मे महिन्यात नाशिकहून पालघरकडे कोण जातं? मी गेले. फिरायची हौस नव्हती, आईचे कान बघवेनात म्हणून गेले. तिच्या माहेरच्या कर्णफुलांतलं एक बाबांच्या आजारपणात दवाखान्यात कुठेतरी पडलं. तेव्हापासून ती कानात काही घालत नाही. भोकं बुजू नयेत म्हणून कडुलिंबाच्या काड्या घालून बसते. "जोडी झाली की घालीन," एवढंच म्हणते.

आमच्या सोनारकाकांनी हात टेकले. हे डायचं काम, म्हणाले. पोलादाच्या ठोकळ्यात उलटी नक्षी कोरायची, त्यात सोन्याचा पातळ पत्रा ठोकून बसवायचा, की फूल उठतं. ओतीव करून देतो म्हणाले, पण ते जड होणार आणि आईच्या कानाच्या पाळ्या आधीच ओघळलेल्या. "ही डाय चिंचणीच्या जगूभाऊंची. नक्षीची फॅशन गेली की आम्ही त्यांनाच परत द्यायचो. ते घासून तिच्यावर दुसरी कोरायचे. नशीब असेल तर तुझी घासायची राहिली असेल." तेवढ्या आशेवर मी निघाले.

एसटी त्र्यंबक, जव्हार, विक्रमगड करत पालघरला येते. घाटात पोट रिकामं ठेवा आणि जव्हारला चहा घ्या, त्यापलीकडे या रस्त्याबद्दल चांगलं बोलण्यासारखं माझ्याकडे नाही. पुढे दुसरी गाडी पकडून बोईसरला मुक्काम केला. लॉज स्वच्छ होता, पण खिडकी उघडली की रसायनाचा वास घशात बसायचा. जेवणही त्या वासातच गेलं.

सकाळी चिंचणीची शेअर रिक्षा मिळाली. सुटे पैसे जवळ ठेवा, नाहीतर सकाळी सकाळी बोलणी खाल. रस्त्याला भंगाराची दुकानं संपता संपत नाहीत. एका दुकानापुढे कारखान्यांतली निळी पिंपं धुऊन उपडी ठेवली होती.

"ये कौन लेता है?" मी रिक्षावाल्याला विचारलं.

"सब लेते हैं, मैडम. पानी भरने को. हमारे सालवड में घर घर में है."

"पहले क्या था इसमें?"

"कौन पूछता है?" तो म्हणाला आणि त्यानं गाणी लावली.

चिंचणीत जगूभाऊंचं घर विचारलं तर शेंबडं पोरही दाखवील. म्हातारा ओटीवर बसला होता. हात असा थरथरत होता की बशीतला चहा धोतरावर सांडत होता. मी रुमाल सोडून कर्णफूल दाखवलं. त्यानं ते डोळ्याशी नेलं आणि ओळखीचं माणूस भेटावं तसा हसला.

"डाय माझीच. पण आता कुठली र्‍हायली? जुनी डाय आली का घासायची, नवी कोरायची, आमचा धंदाच तो. पोलाद काय फेकायचं नाय. आता तर नवीबी कोण मागत नाय, सगळं मशीन करते."

"दुसरी कोराल?"

त्यानं नुसता तो थरथरता हात पुढे केला.

तेवढ्यात त्याची बायको, काशीकाकू, दारात आली. कर्णफूल बघून ती थबकली. "ती हाय," ती हळूच म्हणाली. "मी लपवली हुती. माझ्या लग्नात हीच फुलं हुती माझ्या कानात. यांनी घासायला काढली तवा मन नाय झालं."

खरं सांगते, मला रडूच फुटलं. तिला मिठीच मारली मी! ती आत गेली आणि खारातल्या कैऱ्यांच्या बरणीतून फडक्यात बांधलेला ठोकळा घेऊन आली. बरणीतल्या बशीवर वजन म्हणून ती वर्षानुवर्षं तोच ठेवत होती. तिथं हात घालायला नवरा कशाला जाईल?

जगूभाऊंनी फडकं सोडलं. तांबड्या गंजाचा चुरा त्यांच्या मांडीवर पडला. मी कर्णफूल त्या खळग्यात ठेवलं. कड अगदी बरोबर बसली. आतल्या पाकळ्या मात्र मिठानं खाल्ल्या होत्या, नुसते खड्डे उरले होते.

"लपवलीस तर लपवलीस," म्हातारा म्हणाला, "तेल तरी लावायचंस गो. घासली असती तर दुसरं कायतरी झालं असतं."

काकू पदरानं गंज पुसत राहिली. निघताना तिनं मला त्याच बरणीतल्या कैऱ्या बांधून दिल्या. नको म्हणवेना.

चिंचणीला गेलात तर समुद्रावर सुरूची सावली आहे आणि वाटेत ताडगोळे मिळतात. मी घेतले, पण गोड लागले नाहीत.

घरी आल्यावर आईला सगळं सांगितलं. कैरी चाखत तिनं ऐकून घेतलं. "बिचारी," ती म्हणाली. तिला हळहळ त्या काकूचीच वाटली.

"ओतीव करूया का गं?" मी विचारलं.

"नको. आण ते इकडे."

आरशाशिवायच तिनं उजव्या कानातली काडी काढली आणि फूल घातलं. डाव्या कानात काडी तशीच ठेवली.

"मी आहे तोवर राहू दे असंच," ती म्हणाली. "मग मोडा, आणि तुझ्या पोरीला काय हवं ते करा."