नंबर जाईल तुमचा

चिंचवडच्या डोळ्यांच्या दवाखान्यात तो माझ्या शेजारी बसला होता. चाकणच्या कंपनीत वेल्डर. लेझर करावं की नाही, माझ्यासारखंच त्याचंही ठरत नव्हतं. चष्मा काढायचा, भिंतीकडे बघायचा, परत घालायचा.

"खर्चाचं जमवीन राव, पण डोळं कोरडं पडलं तर? आन् न्हाई केलं, तर गॉगलखाली चष्मा घसरतोय. काय करू?"

मला विचारतोय, जसं काही माझं ठरलंय!

त्याचं टोकन पुकारलं. तो हलेना.

"अहो, नंबर जाईल तुमचा!" मी म्हटलं.

"जाऊ द्या की, त्यासाठीच तर आलोय!" हसत तो उठला.

तपासणीची खोली आणि बाहेरचं दार शेजारीशेजारी. डोळ्यांत थेंब घातल्यामुळे मला सगळं धूसर. तो कुठल्या दारातून गेला, दिसलंच नाही.

आणि लगेच माझं टोकन पुकारलं.