आर्डिसची साक्ष

आमच्याकडे अवघड विषय निघाला की माणसं हवामानावर घसरतात. त्यात माझी मैत्रीण आर्डिस हॉगलंड सर्वांत पटाईत.

ती शाळेत मुलांना जेवण वाढायची. तिच्या मुलानं, ड्वेननं, त्याच शाळेतल्या एका मुलीवर अत्याचार केला. तुरुंगवास भोगून झाला, तेव्हा कोर्टानं ठरवलं की हा अजून धोकादायक आहे, बरा होईपर्यंत कुंपणातल्या इस्पितळात राहील. बाहेर यायचं तर अर्ज करायचा, डॉक्टरांचे अहवाल जोडायचे आणि न्यायाधीशांपुढे उभं राहायचं. यात ड्वेनचे केस पिकले. दर रविवारी मी आर्डिसला भेटीला नेते.

मागच्या वेळी डॉक्टरही अनुकूल होते. ड्वेननं गुन्हा केव्हाच कबूल केला होता. पण घरी त्याच्यावर लक्ष ठेवणार होती आर्डिस, आणि ती साक्षीत म्हणाली, "माझा ड्वेन असलं काही करणारच नाही हो!" झालं! जिला गुन्हाच मान्य नाही, ती लक्ष काय ठेवणार? अर्ज फेटाळला. मायेपोटी बाईनं पोराच्या दाराला बाहेरून कडी घातली. मला असा संताप आला होता!

यंदा सुनावणीला जाताना मी म्हटलं, "म्हणून दाखव. त्यानं केलं."

"रस्त्यावर बर्फ आहे, व्हर्ना. हळू चालव."

"आर्डिस!"

"त्याची खोली रंगवून घेतलीय ग. पिवळी. त्याला आवडायची."

"मग एवढे दोन शब्द बोल की बाई!"

तिनं गाडीचा हीटर वाढवला.

कोर्टात सरकारी वकिलानं तेच विचारलं. आर्डिस कोटाच्या बटणाशी चाळा करत होती.

"ती पोर रोज माझ्यासमोर ताट धरायची," ती म्हणाली. "बटाटा जास्त मागायची. एका सोमवारी ती दुसऱ्या रांगेत गेली, ती कायमचीच. गावात बभ्रा व्हायच्या आधीच मला कळलं होतं. त्यानं केलं."

"कळूनही गप्प बसलात?"

"हो."

अर्ज पुन्हा फेटाळला. कळून गप्प बसणाऱ्या बाईच्या हवाली त्याला कोण करणार? न्यायाधीशांचं चुकलं असं मी म्हणणार नाही, पण ती पिवळी खोली आठवली की माझं आतडं तुटतं.

पुढच्या रविवारी ड्वेन समोर बसला. "आई, किती वर्षं मी तुला सांगायला बघत होतो. तू हवामानाचा विषय काढायचीस."

"आता सांग," आर्डिस म्हणाली.

बाहेर दाट बर्फ पडत होता. घरी परतेपर्यंत आर्डिसनं बर्फाचं नावही काढलं नाही.