दोन हेडफोन अन् एक बुवा

आमच्या पवनी गावात एक रेडिओवाला आहे. त्याची नक्कल लय सोपी. दोन्ही कानांवर हात ठेवाचे अन् साधी गोष्ट नदीच्या घाटापर्यंत आयकू जाईन अशी बोलाची. हेडफोन घातला का याले वाटते, सारं गावच बहिरं झालं.

एकदा मी त्याच्या दुकानात बसलो होतो, तं भजनी मंडळाचे बुवा आले. आपलं भजन टेपवर नीट आयकाले त्यायले हेडफोन पायजे होता. यानं नागपूरहून आणलेले दोन काढले, एक स्वस्त, एक महाग. बुवाचीच कॅसेट लावली. आधी स्वस्तवाला आयकला, मंग महागवाला. अन् हळूच सांगाले म्हणून माह्या कानाशी वाकला.

"महागात साफ समजते गा. बुवा बेसूर गाऊन राहिले."

समोरच्या पानठेल्यावरचे लोकं हसाले लागले. बुवाचं तोंड एवढंसं झालं. ते पाहून यानं हेडफोन काढला.

"बुवा, हा महागवाला बिघडलेला आहे. चांगला आवाज वाकडा करते. तुमी स्वस्तवालाच न्या."

बुवा खुशीत गेले. तो बिघडलेला हेडफोन आता दिवसभर याच्याच कानावर असते. बुवा नवी कॅसेट घेऊन आले का मात्र काढून ठेवते, अन् बुवाचाच स्वस्तवाला लावून मान डोलावते.