सात डब्या औषध

शिरपूरच्या मेडिकलवर ती आजी मला एकदाच भेटली. खोकल्याच्या औषधाच्या एका बॅचमध्ये विषारी काहीतरी निघालं होतं, म्हणून दुकानदार बाटल्या परत मागत होता. आजीनं बाटली दिली. नंबर तोच, पण बाटली रिकामी! मग तिनं पिशवीतून सात डब्या काढून, पदरानं पुसत काउंटरवर मांडल्या. विरजण द्यावं तसं औषध तिनं गल्लीभर वाटलं होतं.

"वाटलं मी, तं गोळाबी मीच केलं!"

दुकानदार घाबरला. "कोन्या लेकरानं पेलं तं नाई ना?"

"एकानंबी नाई! आया म्हने, डॉक्टरले इचारल्याबिगर कायले देऊ? माया हातचा चहा बरा पेतात मेल्या, कोनालेच न इचारता!"

आम्ही हसतच सुटलो. सात घरची लेकरं वाचली होती, आणि आजी रुसली होती.