दोराच्या चाकावर मी होतो
आमची ताई शिवणकाम करते. गणवेश, पडदे, फाटक्या पँटी, द्याल ते. जीभ मात्र कात्रीपेक्षा धारदार. समुद्रावरच्या जीवरक्षक पथकाने एकदा तिच्याकडे झेंडे दुरुस्तीला टाकले. ते परत द्यायला ती गेली, तेव्हा पथकाचा प्रमुख, एक निवृत्त बसचालक, म्हणाला, "बाई, खडकाजवळच्या त्या शांत पाण्यात उतरू नका हं. तिथंच ओढ असते."

ताईला राग आला तो 'बाई'चा. "मला पोहता येतं," ती म्हणाली. "तुमचं पोट बघता, तुमच्यापेक्षा बरंच येत असेल."

पुढच्याच रविवारी ती पथकात दाखल झाली, बिनपगारी. मलाही फरफटत नेलं. "घरी लोळून असे काय दिवे लावणार आहेस?"

तिच्या वाट्याला पाणी आलं, माझ्या वाट्याला चाक. वाचवायला जाणाऱ्याच्या कमरेला पट्टा, पट्ट्याला दोर, आणि दोराचं चाक किनाऱ्यावर माझ्या ताब्यात. हुकूम दोनच: 'ओढ' आणि 'सोड'. सोड म्हणजे दोराला ढील द्यायची. पण नुसत्या ओरडण्यावर नाही, सोबत हात वर दिसलाच पाहिजे. प्रमुखाने हे इतक्यांदा घोकून घेतलं होतं की मी त्याची नक्कल करून सगळ्यांना हसवायचो.

त्या दुपारी बेकरीत काम करणारा एक दांडगा तरुण नेमका त्या शांत पाण्यात उतरला आणि आत खेचला गेला. प्रमुख किनाऱ्याच्या दुसऱ्या टोकाला होता. ताई एकटीच गेली. तिने तरंगता फुगा पुढे करायच्या आतच त्याने तिच्यावर झडप घातली. बुडणाऱ्याला समोर माणूस दिसत नाही, चढायला जागा दिसते. त्याने तिच्या खांद्यांवर गुडघे रोवले, केस मुठीत धरले आणि तिला खाली दाबलं. ती उसळून वर आली आणि त्याच्या नाकावर कोपर हाणलं. रक्ताची चिळकांडी उडाली. त्याने तिचा गळा आवळला. लाट दोघांवर फुटली. ताई पुन्हा वर आली आणि जिवाच्या आकांताने ओरडली, "सोड! अरे सोड!"

मी दोर सोडला.

तिचा हात वर नव्हता. दोन्ही हातांनी ती गळ्यावरची त्याची बोटं उपटत होती. मला ते स्वच्छ दिसत होतं, तरी सोडला. प्रवाहाने दोघांना उचलून खडकांवर आपटलं, मग पुन्हा आपटलं. प्रमुख धावत आला, मला धक्का मारून पाडलं आणि चाक फिरवलं. ताई बाहेर आली ती खांद्याचं हाड आणि दोन दात मोडून. त्या तरुणाची कवटी फुटली होती. प्रमुख तरीही त्याची छाती दाबत राहिला. बरगड्या मोडल्याचा आवाज मी ऐकला.

आठवड्याने पथकाच्या खोलीत चौकशी झाली. मेलेल्या तरुणाची आई समोर बसली होती. दोर का सोडला, प्रमुखाने विचारलं. मी तोंड उघडणार तोच ताई म्हणाली, "मी सांगितलं. हात वर करून. खडकाला वळसा घालून येता येईल असं वाटलं. चूक माझी."

त्या माउलीने उठून ताईच्या सुजलेल्या तोंडावर चपराक मारली. ओठाचे टाके उसवले, रक्त हनुवटीवर आलं. तिने दुसरी मारली. ताईने तोंडसुद्धा फिरवलं नाही. एरवी कुणी ताईला वाकडं बोललं तरी मी अंगावर धावून जातो. त्या दिवशी मी खुर्चीत बसून राहिलो.

"खोटं का बोललीस?" मी घरी विचारलं.

"तुला झेपलं नसतं," ती म्हणाली. "आता गप बस."

पथकाने तिला काढून टाकलं. मला ठेवलं, आणि गेल्या महिन्यापासून नव्यांना चाक शिकवायचं काम दिलं. पहिल्याच दिवशी एका शाळामास्तराने विचारलं, "त्या अपघातात नेमकं चुकलं कोण?"

मी ताईचं नाव सांगितलं.