चातुर्मासात शहाणं वागणारं पोट

“सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत. तुम्हाला आयबीएस आहे,” डॉक्टर म्हणाले आणि मी त्यांच्यासमोर ढसाढसा रडले. त्यांना वाटलं, सुटकेचं रडू आहे. कसली डोंबलाची सुटका! कोलोनोस्कोपी, म्हणजे कॅमेऱ्याची नळी घालून मोठं आतडं बघायची तपासणी, झाली होती. थायरॉइड झालं, शौचाची तपासणी झाली, गव्हाचं वावडं आहे का बघणारी सीलिअॅकची टेस्टही झाली. काहीतरी सापडू दे म्हणून मी देवापुढे हात जोडत होते. सापडलं असतं तर औषध तरी मिळालं असतं. या नॉर्मलचं मी काय करू?

आयबीएस म्हणजे इरिटेबल बॉवेल सिंड्रोम. डॉक्टरांनी सोपं करून सांगितलं. आतडं दिसायला ठीक असतं, पण वागायला बिघडलेलं असतं. थोड्या गॅसनेही त्याला कळ येते, कधी जुलाब, कधी चार दिवस काहीच नाही. “जिवाला धोका नाही. पण त्रास खरा आहे, मनाचे खेळ नाहीत,” ते म्हणाले. हे शेवटचं वाक्य मी त्यांना पुन्हा म्हणायला लावलं, कारण शेजारी माझा नवरा संजय बसला होता.

मी राहते नाशिक रोडला आणि शिकवते हरसूलच्या पुढच्या एका शाळेत. आधी बस, मग त्र्यंबकहून जीप, मग घाट. एका लग्नातलं जेवण बाधलं, आठवडाभर जुलाब झाले, ते थांबले आणि हे मागे लागलं. डॉक्टर म्हणाले, अशा इन्फेक्शननंतर ते सुरू होऊ शकतं. सकाळी निघायच्या वेळी पोटात पिळवटून यायचं. वाटेत शौचालय कुठे आहे हे मला पाठ झालं होतं, आणि त्र्यंबकच्या पुढे ते नाही हेसुद्धा.

एकदा घाटात व्हायचं ते झालं. मी ओढणी तोंडात धरून बसले होते. शेजारच्या म्हातारीने माझ्याकडे पाहिलं आणि ड्रायव्हरला म्हणाली, “थांबव रे गाडी. बाईमाणूस हाय, तिला लय तरास व्हतोय.” मी करवंदीच्या जाळीमागे धावले. परत आले तर जीपमधले सगळे दुसरीकडे बघत होते. त्यात माझ्या वर्गातल्या एका मुलीची आईही होती. त्या दिवशी वर्गात मी फळ्याकडे तोंड करून रडले. नको हे जगणं, असं खरंच वाटलं. मी शाळेच्या दिवशी खाणंच बंद केलं. मग चक्कर यायला लागली, ब्लाउज खांद्यावरून घसरायला लागले.

संजय म्हणाला, “सोड ना नोकरी. आपलं भागेल.” त्याच्या मनात वाईट काही नव्हतं, पण माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ही नोकरी मी लग्नाआधीपासून धरून ठेवलेली. तरी मीही ठरवलं, दिवाळीच्या सुट्टीपर्यंत बघायचं, नाहीतर राजीनामा.

आता घरचे उपचार. पोट हा विषय असा की ज्याला त्याला त्यातलं कळतं. ओवा, सुंठ, बेलाचा मुरांबा, शेजारच्या काकूंचं चूर्ण, सगळं झालं. माझ्या सासूबाईंचं, आईंचं, मत मात्र पक्कं होतं. आमच्याकडे चातुर्मास कडक. आषाढात कांदेनवमीला कांदाभजी, कांद्याचं थालीपीठ, भरल्या कांद्याची भाजी असं पोटभर खायचं आणि मग कार्तिकीपर्यंत घरात कांदा-लसूण येत नाही. आदल्या वर्षी त्या चार महिन्यांत माझं पोट गुणी बाळासारखं राहिलं. कार्तिकी झाली, आईंनी हौसेने लसूण आणि कांद्याची पात घालून वांग्याचं भरीत केलं, आणि मी तीन दिवस अंथरुणात.

“व्रत होतं तोवर देवाने सांभाळलं,” आई म्हणाल्या. “सोडताना काहीतरी चुकलं आपलं.”

हसू नका. मी एम.ए., बी.एड. आहे आणि मला ते पटलं. हताश माणसाला काहीही पटतं. मी आणखी उपवास धरले. सोमवार, गुरुवार, चतुर्थी. उपवास म्हणजे ताकद हवी, म्हणून पेलाभर दूध. आणि पोट असं फुगायचं की शाळेतल्या मदतनीस बाई हळूच विचारून गेल्या, “बाई, गोड बातमी आहे का?” देव माझ्यावरच का उठलाय, हे मला कळेना.

मग कुणीतरी रक्ताची फूड टेस्ट सांगितली. एका थेंबात शेकडो पदार्थ तपासतात म्हणे. रिपोर्ट आला तो लालेलाल. भात, तीळ, वांगं, मूग, सगळंच लाल. मी दोन महिने जवळजवळ पेजेवर काढले. डॉक्टरांनी तो कागद पाहून कपाळाला हात लावला. “ही आयजीजी टेस्ट. तुम्ही काय खात आलात हे फार तर ती सांगेल, काय सोसत नाही हे नाही. हिच्यावर जेवण सोडू नका.” वजन उतरलं म्हणून त्यांनी पुन्हा तपासण्या केल्या आणि आहारतज्ज्ञ मॅडमकडे पाठवलं. तुमच्यापैकी कुणी हा कागद हातात घेऊन बसलं असेल, तर कृपा करा, आधी डॉक्टरांना दाखवा. आणि शौचातून रक्त गेलं, विनाकारण वजन घटलं किंवा झोपेतून उठवणारे जुलाब असले, तर आयबीएस असेल म्हणून घरी थांबू नका.

मॅडम माझ्यापेक्षा पुष्कळ लहान. मी आईंना सोबत नेलं होतं. मॅडमनी विचारलं, “वर्षातले कुठले दिवस बरे जातात?” मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाल्या, “चातुर्मासात ही ठणठणीत असते.”

“चातुर्मासात तुम्ही काय खात नाही?”

मग फॉडमॅप समजलं. काही पदार्थांतल्या विशिष्ट साखरा लहान आतड्यात नीट शोषल्या जात नाहीत, मोठ्या आतड्यात जाऊन आंबतात, गॅस धरतो. कांदा, लसूण, गहू, दूध, राजमा ही त्यातली मंडळी. काही आठवडे सगळं बंद, मग एकेक परत आणायचं, तीन दिवस थोडं थोडं वाढवत. ज्याने त्रास होईल तेवढंच कमी करायचं. जन्मभर सगळं सोडायचं नाही, हे मॅडमनी बजावून सांगितलं.

आषाढात बंद केलं. पोट शांत झालं. मग गहू आणला, दोन पोळ्या सोसल्या. चहापुरतं दूध सोसलं, पेलाभर नाही. उपवासाचं कोडं सुटलं. राहिला कांदा, आणि तेव्हा श्रावण चालू होता.

मी म्हटलं, कार्तिकीनंतर बघू. पण दिवाळी त्याच्या आधी येते, आणि राजीनाम्याचा शब्द मी स्वतःलाच दिलेला. घराबाहेर खाणावळीत कांदा खाऊन पाहिला असता, तर त्यात आणखी काय काय पडलं हे कसं कळणार? आईंना सांगायची माझी हिंमत होईना. लग्न होऊन त्या या घरात आल्यापासून श्रावणात इथे कांदा शिरला नव्हता.

त्यांना ते संजयने सांगितलं असावं. एका सकाळी मी अंघोळ करून आले तर ओट्यावर रोजची सुरी आणि विळी दोन्ही बाजूला ठेवलेल्या, आणि आई स्टुलावर बसून वेगळ्या सुरीने कांदा चिरत होत्या. शेजारणीकडून मागून आणलेला.

“आई, अहो, चातुर्मास...”

“माझा आहे. तू पेशंट आहेस.” त्यांनी वर पाहिलं नाही. “किती घालायचा ते सांग. उगाच जास्त पडायला नको.”

पहिल्या दिवशी काही नाही. दुसऱ्या दिवशी गुडगुड. तिसऱ्या दिवशी रविवारी दुपारी ती ओळखीची कळ आली आणि मी पोट धरून पलंगावर आडवी झाले. आणि मला आनंद झाला. वेडी म्हणा हवं तर. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा कळ आली आणि ती कशाने आली हे मला ठाऊक होतं.

आई गरम पाण्याची पिशवी घेऊन आल्या आणि पलंगाच्या कडेला बसल्या. मग म्हणाल्या, “म्हणजे कांदाच होता. देवाचा काही संबंध नव्हता. माझं व्रत फुकटच की.”

मी त्यांचा हात ओढून पोटावर ठेवला. “तुम्ही घरात कांदा येऊ दिला नाहीत, म्हणून चार महिने मी शाळेत उभी राहू शकले. फुकट कसं?”

मी बरी झालेली नाही. ताण आला की पोट अजून बिथरतं, परीक्षेच्या आठवड्यात गोळी लागते. लसणाची परीक्षा अजून घ्यायची आहे. पण डब्यात काय आहे हे मला माहीत असतं, आणि तो मी शाळेत उघडून खाते. दिवाळीची सुट्टी आली आणि गेली. सुट्टीनंतरच्या पहिल्या सोमवारी आईंनी स्वतःच्या बोटाने माझ्या कपाळाला कुंकू लावलं, डबा हातात दिला आणि म्हणाल्या, “जा, जीप चुकेल.”