सक्रिय नागरिकाचं प्रमाणपत्र

आमच्या पंचायतीला सर्वसमावेशक व्हायचा आदेश वरून आला, तेव्हा सरपंचांनी आधी विचारलं, फोटोत माणसं किती लागतील? सेक्रेटरीने कागद वाचून सांगितलं, वीस, आणि त्यात पाच तरी बाहेरून आलेल्या कामगार बायका हव्यात. झालं. गावाची सगळी माणुसकी त्या पाच बायकांवर येऊन ठेपली आणि त्या गोळा करायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेली, म्हणून सगळ्यांची बाई. अक्षर बरं, म्हणून ग्रामसभेच्या हजेरीवहीपाशी मलाच बसवतात. शिवाय घरामागे माझ्या भाड्याच्या सहा खोल्या आहेत. तुये गावच्या फॅक्टऱ्यांत जाणारी माणसं तिथं राहतात. पाच बायका मला स्वयंपाकघराच्या जनेलातून हाक मारूनच मिळाल्या.

त्यांतली एक चंदगडकडची. आठ वर्षं माझ्याच खोलीत आहे, फॅक्टरीत पॅकिंगला जाते. कुठलंही काम अर्धवट ऐकायची तिला सवय नाही. आदेशाप्रमाणे पंचायतीत जे प्रशिक्षण झालं, त्यात ती पहिल्या रांगेत बसली.

प्रशिक्षण द्यायला पणजीहून एक हसतमुख बाई आली होती. तिने आम्हाला गोल उभं केलं आणि लोकरीचा गुंडा एकमेकांकडे फेकायला लावला. लोकरीचं जाळं झालं. हे जाळं म्हणजे तुमचा गाव, एक धागा सुटला तर सगळं सैल पडतं, असं तिने सांगितलं. एरवी या बायकांना घाटी म्हणणारे आमचे पंच लोकर धरून माना डोलवत होते. मग ती म्हणाली, ग्रामसभा सर्वांची आहे, तिथं कुणीही उभं राहून बोलू शकतं. हे साफ खोटं होतं. आमच्याकडे मतदारयादीत नाव असल्याशिवाय हजेरीवहीत सही नाही, आणि सही नाही तर तोंड उघडायचं नाही. मला हे ठाऊक होतं, सेक्रेटरीला ठाऊक होतं. पण तोवर भाजी-पाव आला होता, आम्ही दोघांनी मूग गिळले आणि वर पावही गिळला.

शेवटी प्रत्येकीला प्रमाणपत्र मिळालं. 'सक्रिय नागरिक', खाली गावाचं नाव, पंचायतीचा शिक्का. मधल्या रेघेवर नावं मी लिहिली, बोरूने लिहिल्यासारखी वळणदार.

पुढच्याच आठवड्यात ग्रामसभेची नोटीस लागली. वळणावरचा सार्वजनिक नळ बंद करायचा ठराव होता. कारण काय, तर तिथं कपडे धुतात आणि रस्त्यावर चिखल होतो. माझ्या सहाही खोल्यांना पाणी त्या एकाच नळाचं. खोल्यांना स्वतःचं कनेक्शन का नाही, असं कुणी विचारलं की मी पाणी खात्याच्या नावाने बोटं मोडते. खरं म्हणजे कनेक्शनला घरमालकाची सही लागते. मतदारयादीत नाव घालायलाही मालकाचा कागद मागतात. आणि आमच्या पेडण्यात मालक कागद देत नाही. राहणाऱ्याला घराचा हक्क देणाऱ्या मुंडकार कायद्याची भीती आम्ही आईच्या दुधाबरोबर प्यालो आहोत. आज सही दिलीस, उद्या तुळशीसकट घर गेलं समज, असं आमची आई सांगायची. भाडेकरूंचा पोलिसांचा फॉर्म तेवढा भरावा लागतो. त्यात आठ वर्षं दर वर्षी मी चंदगडवालीच्या नावापुढे 'तात्पुरती' असं लिहीत आले.

रविवारची ड्युटी सोडून ती ग्रामसभेला आली. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत ते प्रमाणपत्र. गावात राहत असल्याचा पुरावा म्हणून आणलं होतं तिने. माझ्या टेबलापाशी उभी राहिली. मी उगाच यादीची पानं चाळली. नाव नाही हे चाळायच्या आधीच माहीत होतं.

"तुझं नाव नाही गो हितं," मी म्हटलं.

तिने प्रमाणपत्र वहीवर ठेवलं. "अक्षर तुमचंच न्हवं, बाई? मग ह्या वहीत बी लिवा की."

"ती वही वेगळी."

"नळाचं तेवढं बोलते आनि जाते."

पाठीमागून एक पंच ओरडला, "तिका बसूक सांग. कोणागेर रावता ती?" ती कुणाच्या घरी राहते हे ठाऊक असलेल्या सगळ्या सभेने माझ्याकडे पाहिलं. कुणी काही बोललं नाही, कारण सभेतल्या निम्म्यांच्या घरामागे अशाच खोल्या आणि त्यांनीही असाच कागद दिलेला नाही. लोकरीच्या जाळ्याचा एवढा पक्का धागा मी प्रशिक्षणातही पाहिला नव्हता. मला बोलता आलं असतं. माझी सही वहीत सगळ्यात वर होती. मी पेनाचं टोपण लावलं आणि पुन्हा काढलं. ती भिंतीला टेकून शेवटपर्यंत उभी राहिली. ठराव सर्वानुमते झाला, म्हणजे माझ्याही मते.

नळ बंद झाला. आता खोल्यांतल्या बायका माझ्या अंगणातल्या नळावर पाणी भरतात, सकाळी, घरटी दोन हंडे. मी पायरीवर उभी राहून बघते. बाईंचं मन मोठं, असं गावात म्हणतात. मी कुणाला खोडून काढलेलं नाही. कनेक्शनचा फॉर्म तिने स्वतः जाऊन आणला, भरला, मला दिला. सहीची जागा तेवढी मोकळी आहे. तो माझ्या कपाटात साड्यांखाली आहे.

परवा पोलिसांचा नवा फॉर्म आला. मी पायरीवर बसून भरत होते, ती हंडा भरत होती. कुठल्या रकान्यात माझं पेन थांबलं ते तिने लांबूनच ओळखलं.

"तात्पुरती लिवा, बाई," ती म्हणाली आणि हंडा कमरेवर घेतला.

मी लिहिलं. चांगल्या अक्षरात.